स्पीकरच्या तारेचे मोल

करवीरनगरीचे आणि सुरांचे नाते जुने आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादियाखाँ येथे दरबारगायक म्हणून राहिले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या मातीत रुजली. १९२९ मध्ये याच शहरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली आणि १९३२ मध्ये तिच्या 'अयोध्येचा राजा'ने मराठी पडद्याला वाचा दिली. अशा शहरात घरी बसून निवांतपणे गाणे ऐकण्याचा छंद अनेकांनी जपला आहे, यात नवल नाही. कोणी वडिलांच्या काळातील ॲम्प्लिफायर दुरुस्त करून घेतो, कोणी निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून स्पीकरची नवी जोडी आणतो, तर कोणी नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात होम थिएटर बसवतो.

ही सारी खरेदी आटोपल्यावर शेवटी प्रश्न उरतो तो तारेचा. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांना जोडणारी ही तार दिसायला साधी. पण तिच्याबाबत ग्राहक दोन टोकांना जाताना दिसतात. खोक्यात फुकट आलेली दोऱ्याइतकी बारीक तार काहीजण दहा-दहा मीटर जोडून वापरतात आणि आवाजात दम नाही म्हणून स्पीकरला बोल लावतात. उलट काहीजण रेशमी वेष्टणाच्या, सोनेरी टोकांच्या केबलवर इतका खर्च करतात, की तेवढ्यात वरच्या दर्जाचा स्पीकर आला असता. पहिल्या चुकीत आवाज जातो, दुसरीत पैसा. या दोन्ही चुका टाळण्यासाठी लागते ते शाळेच्या पातळीवरचे थोडे विज्ञान आणि दुकानात विचारायचे दोन-तीन नेमके प्रश्न.

तार नेमके काय करते?

ॲम्प्लिफायरमधून निघालेला विद्युतप्रवाह स्पीकरमधील कॉइलपर्यंत पोहोचवणे, एवढेच तारेचे काम. तिने आवाजात भर घालावयाची नसते. फक्त वाटेत काही खाऊ नये, ही अपेक्षा. प्रत्येक तार प्रवाहाला थोडा विरोध करते. या विरोधाला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजला जातो. तार जितकी लांब तितका रोध जास्त आणि जितकी जाड तितका कमी. पाण्याच्या अरुंद नळातून धार बारीक येते, तसाच हा प्रकार.

स्पीकरच्या मागील पट्टीवर ८, ६ किंवा ४ ओहम असा आकडा छापलेला असतो. हा त्याचा इम्पीडन्स. तारेचा रोध या आकड्याच्या तुलनेत नगण्य असेल, तर जवळजवळ सर्व शक्ती स्पीकरला मिळते. रोध वाढला, की दोन गोष्टी घडतात. एक तर शक्तीचा काही वाटा तारेतच उष्णतेच्या रूपाने वाया जातो. दुसरे म्हणजे, स्पीकरचा इम्पीडन्स सर्व स्वरांना सारखा नसून कमी-अधिक होत असल्याने काही स्वर अधिक दबतात, काही कमी. आवाजाचा तोल बिघडतो तो यामुळे.

तंत्रज्ञांमध्ये रूढ असलेला एक ठोकताळा असा, की जाण्यायेण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रोध स्पीकरच्या इम्पीडन्सच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावा. ८ ओहमच्या स्पीकरसाठी ही मर्यादा ०.४ ओहम येते. तेवढ्या रोधाने आवाजात पडणारी घट अर्ध्या डेसिबलच्याही आत राहते. गाणे ऐकताना ती सहसा जाणवत नाही.

जाडी आणि लांबीचे गणित

एक चौरस मिलिमीटर छेद असलेल्या तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम असतो. प्रवाह एका तारेने जातो आणि दुसरीने परततो, म्हणून अंतराची दुप्पट धरावी लागते. या हिशेबाने, ५ टक्क्यांच्या मर्यादेत राहून ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत तारेची लांबी जास्तीत जास्त किती ठेवता येईल, हे पुढीलप्रमाणे :

०.५ चौ. मि.मी. - ८ ओहमला ५.५ मीटर, ६ ओहमला ४ मीटर, ४ ओहमला २.५ मीटर.

०.७५ चौ. मि.मी. - ८ ओहमला ८.५ मीटर, ६ ओहमला ६.५ मीटर, ४ ओहमला ४ मीटर.

१ चौ. मि.मी. - ८ ओहमला ११.५ मीटर, ६ ओहमला ८.५ मीटर, ४ ओहमला ५.५ मीटर.

१.५ चौ. मि.मी. - ८ ओहमला १७ मीटर, ६ ओहमला १३ मीटर, ४ ओहमला ८.५ मीटर.

२.५ चौ. मि.मी. - ८ ओहमला २९ मीटर, ६ ओहमला २१.५ मीटर, ४ ओहमला १४.५ मीटर.

हे आकडे शुद्ध तांब्याच्या तारेचे आहेत. यावरून लक्षात येईल, की आपल्याकडील सामान्य दिवाणखान्यासाठी १.५ चौरस मिलिमीटरची तार बहुतेक वेळा पुरून उरते. स्पीकर ४ ओहमचे असतील किंवा अंतर फारच लांबचे असेल, तर २.५ घ्यावी. त्याहून जाड तार घरगुती वापरात क्वचितच लागते. शिवाय ती स्पीकरच्या मागील लहान छिद्रांत बसतही नाही.

एका दिवाणखान्याचा हिशेब

१२ बाय १६ फुटांच्या एका खोलीचे उदाहरण घेऊ. ॲम्प्लिफायर १२ फुटी भिंतीच्या मध्यावर, टीव्हीखाली आहे. पुढील दोन स्पीकर त्याच्या दोन बाजूंना असून प्रत्येकी ३ मीटर तार पुरते. मागील दोन स्पीकरपर्यंत तार भिंतीच्या कडेने न्यावी लागते. अर्धी भिंत ६ फूट, लांब भिंत १६ फूट, वर चढण्यासाठी आणि वळणांसाठी आणखी काही फूट, शिवाय दोन्ही टोकांना थोडी शिल्लक, असे धरून प्रत्येकी १० मीटर लागतात. एकूण गरज २६ मीटर दोन पदरी तारेची.

स्पीकर ६ ओहमचे असतील, तर पुढील जोडीला ०.५ ची तारही चालेल. मागील जोडीला मात्र १ चौरस मिलिमीटर अपुरी पडते आणि १.५ पुरते. एकाच प्रकारची तार घेतली तर तुकडे कापणे सोयीचे जाते, म्हणून सर्वत्र १.५ घेणे शहाणपणाचे.

आता खोक्यातील बारीक तारेचा विचार करू. तिचा छेद ०.२ चौरस मिलिमीटरच्या आसपास असेल, तर १० मीटर अंतराला रोध दीड ओहमच्या पुढे जातो. ६ ओहमच्या स्पीकरला निघालेल्या शक्तीपैकी पंचमांशाहून अधिक भाग तेव्हा वाटेतच खर्ची पडतो. तीच तार ॲम्प्लिफायरशेजारच्या स्पीकरला दीड मीटरपर्यंत वापरली, तर काही बिघडत नाही. तार वाईट नसते. ती चुकीच्या अंतराला लावलेली असते.

दुकानातील मापे

तारेचे माप सांगण्याच्या तीन पद्धती बाजारात एकाच वेळी नांदत असल्याने ग्राहकाचा गोंधळ उडतो. घरगुती वायरिंगच्या तारांवर चौरस मिलिमीटर हे माप छापलेले असते. दुकानदार त्याला 'स्क्वेअर एमएम' म्हणतात. जुने इलेक्ट्रिशिअन २३/७६, ४०/७६ अशा भाषेत बोलतात. यातील पहिला आकडा आतील बारीक तारांची संख्या, तर दुसरा प्रत्येक तारेचा व्यास इंचाच्या दहा हजाराव्या भागांत दाखवतो. त्यानुसार २३/७६ म्हणजे सुमारे ०.६७ आणि ४०/७६ म्हणजे सुमारे १.१७ चौरस मिलिमीटर.

तिसरी पद्धत गेजची. येथे आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे विसरू नये. अमेरिकी गेजमध्ये १८ म्हणजे ०.८२, १६ म्हणजे १.३१, १४ म्हणजे २.०८ आणि १२ म्हणजे ३.३१ चौरस मिलिमीटर. ब्रिटिश गेजचे आकडे याहून वेगळे आहेत. त्यात १६ गेजची तार २ चौरस मिलिमीटरच्या थोडी वर जाते. त्यामुळे केवळ 'सोळा गेज' या शब्दावर विसंबू नये. चौरस मिलिमीटर किती, हाच प्रश्न विचारावा.

तारेची बाह्य जाडी पाहूनही फसगत होते. प्लास्टिकचे वेष्टण जाड आणि आत तांबे मोजके, अशी तार हाताला भरदार लागते. पारदर्शक वेष्टणातून आतील तारा भिंगाखाली ठेवल्यासारख्या मोठ्या दिसतात. म्हणून टोक सोलून पाहिल्याशिवाय तार घेऊ नये.

तांबे की तांब्याचा मुलामा?

स्वस्त तारेत सर्वांत मोठी फसगत होते ती धातूची. वरून तांब्याचा पातळ थर आणि आत ॲल्युमिनिअम, अशा तारा बाजारात विपुल आहेत. वेष्टणावर 'सीसीए' ही अक्षरे असतील, तर तार या जातीची समजावी. ती विकणे किंवा वापरणे यात गैर काही नाही. पण तांब्याच्या भावाने ती घेणे हे नुकसानीचे. तिची वाहकता शुद्ध तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांश असते. म्हणजे १.५ ची अशी तार प्रत्यक्षात १ च्या तांब्याच्या तारेएवढेच काम करते. वरील उदाहरणातील मागील स्पीकरना ती अपुरी पडेल.

ओळखण्याचे उपाय सोपे आहेत. एक बारीक तार घेऊन ब्लेडने खरवडावी. तांबडा थर जाऊन आत पांढरा धातू दिसला, तर ते ॲल्युमिनिअम. याउलट काही चांगल्या तांब्याच्या तारांना कथलाचा मुलामा असतो; त्या वरून रुपेरी, पण खरवडल्यावर आत तांबड्या दिसतात. दुसरी खूण वजनाची. ॲल्युमिनिअम तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलके असते. १.५ चौरस मिलिमीटरच्या दोन पदरी तारेत मीटरमागे सुमारे २७ ग्रॅम तांबे असते, २.५ च्या तारेत सुमारे ४५ ग्रॅम. वेष्टणासह वजन याहून अधिकच भरले पाहिजे. दहा मीटरचे १.५ चे वेटोळे वेष्टणासह पाव किलोही भरत नसेल, तर आत तांबे पुरेसे नाही, हे उघड आहे.

हाच हिशेब किमतीलाही लावता येतो. वरील दिवाणखान्याच्या २६ मीटर तारेत एकूण सुमारे ७०० ग्रॅम तांबे येते. त्या दिवशीचा तांब्याचा भाव ठाऊक असला, की मालाचे मूळ मोल किती आणि नावाचे किती, हे कागदावर मांडता येते.

घरगुती तार चालते का?

चालते. विजेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारी 'टू कोअर फ्लेक्सिबल' तार स्पीकरसाठी उत्तम काम देते. आयएसआय चिन्ह असलेल्या आणि आयएस ६९४ या मानकानुसार बनवलेल्या तारेवर चौरस मिलिमीटरचे माप छापलेले असल्याने ती पारखणे सोपे जाते. एकपदरी तारेच्या दोन रंगांच्या गुंडाळ्या घेऊन त्यांना एकमेकींभोवती पीळ दिला, तरीही काम भागते. दोन्ही तारा मात्र लगत ठेवाव्यात. एक या भिंतीने आणि दुसरी त्या भिंतीने नेऊ नये, कारण अंतर वाढले की उंच स्वरांना होणारा विरोध वाढतो.

खास स्पीकरसाठी बनवलेली तार घेण्याचा खरा फायदा सोयीचा आहे. ती लवचिक असते, चपटी असल्याने कोपऱ्यातून दिसत नाही आणि तिच्या एका पदरावर खूण असल्याने धन-ऋण ओळखता येते. या सोयीसाठी थोडे अधिक पैसे देणे समजण्यासारखे आहे. आवाजासाठी म्हणून नव्हे.

चांदी, शुद्धता आणि बाण

महागड्या केबलच्या जाहिरातींत तीन दावे वारंवार येतात. पहिला चांदीचा. चांदी ही तांब्याहून चांगली वाहक आहे, हे खरे. पण हा फरक ६-७ टक्क्यांचाच. पैंजणांसाठी प्रसिद्ध असलेली हुपरी कोल्हापूरपासून जवळच असल्याने चांदीचा भाव येथील ग्राहकाला सांगावयास नको. जो लाभ किंचित जाड तांब्याने मिळतो, त्यासाठी चांदी मोजण्यात हशील नाही.

दुसरा दावा ऑक्सिजनमुक्त तांब्याचा. विजेच्या तारांसाठी वापरले जाणारे साधे तांबेही सुमारे ९९.९ टक्के शुद्ध असते. ऑक्सिजनमुक्त तांबे त्याहून शुद्ध असले, तरी वाहकतेतील फरक जेमतेम एका टक्क्याच्या आसपास आहे. 'ओएफसी' या अक्षरांचा एक उपयोग मात्र आहे : ती खरी असतील, तर आत ॲल्युमिनिअम नाही, एवढी हमी मिळते.

तिसरा दावा दिशेचा. काही केबलवर बाण छापून ती त्याच दिशेने जोडावी, असे सांगितले जाते. स्पीकरला जाणारा प्रवाह सतत दिशा बदलणारा असतो. ५० हर्ट्झचा स्वर सेकंदाला शंभर वेळा उलटसुलट होतो. अशा प्रवाहाला बाण काय सांगणार?

डाव्या-उजव्या तारा काटेकोरपणे समान लांबीच्या हव्यात, ही समजूतही अशीच. तीन मीटरच्या फरकाने विद्युतसंकेताला होणारा उशीर इतका क्षुल्लक असतो, की तेवढ्या वेळात हवेतील ध्वनी मिलिमीटरचा दोनशेवा भागच पुढे सरकतो. श्रोत्याने मान हलवली तरी याहून कितीतरी अधिक फरक पडतो.

कानांची साक्ष

'गणित काही सांगो, कानाला फरक कळतो' असे म्हणणारे रसिक आहेत आणि त्यांचे म्हणणे तपासूनही पाहिले गेले आहे. १९८३ मध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी अशा चाचणीचा वृत्तांत दिला. कोणती तार जोडली आहे हे श्रोत्यांना न सांगता घेतलेल्या या चाचणीत, संगीत ऐकताना १६ गेजची साधी तार आणि जाड महागडी केबल यांतील फरक त्यांना खात्रीने ओळखता आला नाही. २४ गेजची बारीक तार मात्र उघडी पडली. जाडीचा फरक ऐकू येतो, किमतीचा नाही, असाच त्याचा अर्थ.

पुढे २००७ मध्ये जेम्स रँडी या संशयवादी जादूगाराने सुमारे ७,२५० डॉलर किमतीची स्पीकर केबल साध्या चांगल्या केबलपासून केवळ ऐकून ओळखून दाखवणाऱ्यास दहा लाख डॉलर देऊ केले होते. ते बक्षीस कोणी जिंकले नाही.

घरी तुलना करावयाची असल्यास दुसऱ्या कोणाला तरी तार बदलावयास सांगावे, आवाजाची पातळी तीच ठेवावी आणि उत्तरे कागदावर लिहावीत. दहापैकी किती बरोबर आली, हे पाहिल्यावरच पाकिटाला हात घालावा.

जोडणी करताना

तार कितीही चांगली असो, जोडणी ढिली असेल तर सारे व्यर्थ. ॲम्प्लिफायर बंद करून, त्याचा प्लग काढूनच काम सुरू करावे. टोके साधारण एक सेंटिमीटर सोलून घट्ट पीळ द्यावा. एकही सुटी तार शेजारच्या टोकाला लागता कामा नये. अशा एका केसाएवढ्या तारेने शॉर्टसर्किट होऊन ॲम्प्लिफायर जळू शकतो. स्क्रूखाली येणाऱ्या टोकांना डाग देऊ नये, कारण मऊ शिसे-कथील काळाने दबते आणि पकड सुटते. वारंवार जोडकाढ करावी लागत असेल, तर बनाना प्लग सोयीचे. एरवी उघडी तार घट्ट बसवणेही तितकेच चांगले.

ॲम्प्लिफायरचे लाल टोक स्पीकरच्या लाल टोकाला आणि काळे काळ्याला जोडावे. एका स्पीकरची तार उलटी लागली, तर दोन्ही पडदे परस्परविरुद्ध हलतात, खर्ज नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज विखुरतो. हे तपासण्यासाठी जुने मोनो ध्वनिमुद्रण लावावे. केसरबाई केरकर किंवा मोगूबाई कुर्डीकर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील गायन त्यासाठी उत्तम. दोन्ही स्पीकरच्या मधोमध बसल्यावर आवाज नेमका मध्यातून, जणू समोर बैठक मांडल्यासारखा आला पाहिजे. तो दोन्ही बाजूंना पांगत असेल, तर एका स्पीकरची टोके बदलावीत.

एक सवय मात्र तातडीने सोडावी. स्पीकरच्या तारेला विजेचा दोन पिनांचा प्लग लावण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. घरातील लहान मुलाने किंवा पाहुण्याने तो भिंतीवरील सॉकेटमध्ये खोचला, तर स्पीकर जळेलच, जिवावरही बेतू शकते.

पावसाळा आणि भिंती

कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि उघडे तांबे काळवंडते किंवा हिरवट पडते. टोके वर्षातून एकदा तपासावीत. काळवंडलेला भाग कापून नव्याने सोलावा. म्हणूनच प्रत्येक टोकाला वीतभर तार जास्त ठेवावी. तळमजल्यावरील घरांत तार जमिनीलगत न नेता थोडी वरून, केसिंग पट्टीतून न्यावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुराचा अनुभव घेतलेल्या पंचगंगेकाठच्या वस्तीला याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

भिंतीला झिरी मारून तार आत घ्यावयाची असेल, तर विजेच्या तारांच्या पाइपमधून ती नेऊ नये. स्वतंत्र पाइप टाकावा. सुरक्षिततेसाठी हे आवश्यक आहेच, शिवाय गुणगुण येण्याचा धोकाही टळतो. घरगुती वायरिंगची तार वापरली असल्यास दोन्ही टोकांना 'स्पीकर' अशी चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे पुढे इलेक्ट्रिशिअनची गल्लत होणार नाही. भिंतीतील तार पुन्हा बदलणे खर्चाचे असल्याने तेथे गरजेपेक्षा एक माप जाड तार टाकणे हिताचे.

खरेदीपूर्वी हे पाहा

- दोरीने प्रत्यक्ष अंतर मोजा. वळणे आणि शिल्लक धरून मीटर काढा.
- स्पीकरमागील ओहमचा आकडा टिपून घ्या.
- वरील मापांतून जाडी ठरवा. शंका असल्यास १.५ चौरस मिलिमीटर घ्या.
- टोक सोलून, खरवडून आणि वजन करून तांबे असल्याची खात्री करा.
- धन-ऋण ओळखण्याची खूण तारेवर आहे का, ते पाहा.
- वाचलेले पैसे स्पीकर, त्यांचे स्टँड किंवा खोलीतील घुमणारा आवाज शोषणारे जाड पडदे आणि सतरंजी यांवर खर्च करा. तेथे झालेला फरक कानाला खरोखर कळतो.